जाणाऱ्या ताम्हणाची बी

एप्रिलचा शेवटचा आठवडा. परीक्षा आटोपलेल्या, मुलांना सुट्ट्या लागलेल्या, घरोघरी पन्ह्याची बाटली फ्रिजमध्ये जाऊन बसलेली, आणि रस्तोरस्ती गुलमोहराने आपली लाल छत्री उघडलेली. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर त्या लाल थाटाकडेच जाते. पण त्याच रस्त्यावर, एखाद्या जुन्या इमारतीच्या कुंपणाआड, दुसरे एक झाड मुकाट्याने जांभळ्या-गुलाबी तुऱ्यांनी भरून आलेले असते. गुलमोहर मादागास्करहून आलेला पाहुणा. हे दुसरे झाड घरचे, कोकणातल्या ओढ्याकाठी वाढलेले. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ते हेच, ताम्हण. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास ते नेमके बहरात असते, आणि ध्वजवंदन करून त्याच्याच सावलीतून घरी परतणाऱ्यांपैकी किती जणांना ते ओळखता येते, हे न विचारलेलेच बरे.

ताम्हण म्हटले की पुष्कळांना देवघरातले तांब्याचे ताम्हण आठवते. त्या पात्राचा आणि या झाडाचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही. कोकणात कुणी याला तामण म्हणतात, बंगाल-आसामकडे हाच जारूल. शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओजा. लिनियसने १७५९ साली यातले लॅगरस्ट्रोमिया हे नाव आपल्या एका स्वीडिश व्यापारी मित्राच्या, माग्नुस फॉन लॅगरस्ट्रोमच्या, सन्मानार्थ ठेवले. कूळ मेंदीचे, डाळिंब आणि रानातली धायटी ही याच घराण्यातली भावंडे. फुलाच्या सहा पाकळ्या पिळून तशाच वाळत घातलेल्या तलम ओढणीसारख्या चुरगळलेल्या असतात आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. तुरा फांदीच्या टोकाला ताठ उभा राहतो. खालची फुले आधी उमलतात आणि दोन दिवसांत फिकी होतात, त्यामुळे एकाच तुऱ्यावर जांभळ्यापासून पांढुरक्यापर्यंत सगळ्या छटा दिसतात. उन्हाळ्यात गर्द सावली, पावसाळ्यात हिरवागार घेर, आणि थंडीत पाने तांबूस होऊन गळतात, म्हणजे जेव्हा आपल्याला ऊन हवे असते तेव्हा ते अंगणात येऊ देणारे झाड. घराजवळ लावायला याहून समजूतदार झाड शोधून काढावे लागेल.

आज मात्र लिहायचे आहे ते हे झाड वाढवावे कसे याविषयी. त्यातही, दारातले जुने ताम्हण जाणार हे ठरलेले असताना ते पुढे न्यावे कसे याविषयी. कारण गेल्या काही वर्षांत हा प्रसंग शहरातल्या घराघरावर येऊ लागला आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांच्या कुंपणालगत तेव्हाच्या हौशी मंडळींनी झाडे लावली. आता त्या इमारती पाडून त्या जागी मनोरे उठत आहेत. तळघरात मोटारी ठेवायच्या म्हणजे जमीन कुंपणापर्यंत खोदणे आले, आणि मुळांना जागा उरत नाही. इमारतीच्या आधी झाडे जातात.

कायदा आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांचे रक्षण करणारा कायदा १९७५ पासून आहे आणि २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांपुढचे झाड आता वारसा वृक्ष मानले जाते, आणि परवानगीने झाड तोडायचेच झाले तर त्याचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, असे त्या दुरुस्तीत आहे. साठीच्या ताम्हणाबद्दल साठ झाडे. हिशेब कागदावर चोख आहे. पण ती साठ झाडे कोणती? व्यवहारात बहुधा ठेकेदाराला त्या आठवड्यात जी स्वस्तात आणि उंच मिळतात ती. तोडलेल्या झाडाशी त्यांचे नाते फक्त फाईलमधले. त्याच झाडाच्या बियांची आणि त्याच झाडाच्या फांद्यांची रोपे त्या साठांत का असू नयेत? अडचण फक्त वेळेची वाटते, आणि वेळ तर आपल्याकडे भरपूर असतो. पुनर्विकासाची पहिली सभा आणि प्रत्यक्ष कुऱ्हाड यांत किती वर्षे जातात, हे ज्यांनी त्या सभा सोसल्या आहेत त्यांना विचारा. बिल्डर निवडण्यावरून दोन मजले एकमेकांशी भांडत असतात तेवढ्या काळात ताम्हणाचे रोप डोक्याच्या वर जाते.

बी म्हणजे लेकरू, फांदी म्हणजे तेच झाड

बियांपासून आणि फांदीपासून, अशा दोन्ही वाटांनी ताम्हण वाढवता येते. दोहोंतला फरक आधी नीट समजून घ्यायला हवा, कारण बागेची हौस असलेली शहाणी माणसेही इथे गोंधळतात.

बीतून येते ते अपत्य. त्याची आई ठाऊक असते, बाप मात्र मधमाश्यांनाच ठाऊक. म्हणून गडद जांभळ्या ताम्हणाच्या बियांतून काही रोपे फिकट गुलाबी निघतात, काही उंच सरळ जातात, काही खालपासून फुटतात. फांदीतून जे येते ते अपत्य नव्हेच. ते तेच झाड, दुसऱ्या जागी उभे राहिलेले. रंग तोच, बहराची वेळ तीच, आणि फुलायची घाईही तीच, कारण ती फांदी वयात आलेल्या झाडाची असते. बियांच्या रोपाला पहिला तुरा यायला काही वर्षे वाट पाहावी लागते. कलमाला त्यामानाने लवकर येतो.

फांदीच्या वाटेने झाड किती काळ चालत राहू शकते याचा दाखला फार दूर शोधायला नको. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या पिंपळाची फांदी श्रीलंकेत नेली, असे बौद्ध परंपरा सांगते. अनुराधापूरचा तो वृक्ष आजही उभा आहे. बोधगयेचा जुना वृक्ष मात्र १८७६ साली वादळात पडला आणि कनिंगहॅमने १८८१ मध्ये तिथे नवे रोप लावले. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या आवारातला बोधिवृक्षही अनुराधापूरच्याच वृक्षापासून आलेला. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तो आणला. त्याखाली बसणाऱ्याच्या डोक्यावर जी पाने हलतात, ती परंपरेच्या हिशेबाने त्याच झाडाची आहेत ज्याच्याखाली सिद्धार्थ बसला होता. बीपासून हे साधले नसते.

मग सगळीच झाडे फांदीपासून का करू नयेत? याचे उत्तर इंग्लंडने फार महाग विकत घेतले. तिथल्या शेतांच्या बांधांवर शतकानुशतके एल्म नावाचे डेरेदार झाड होते. ते बीपासून जवळजवळ येतच नसे. मुळांतून निघालेले फुटवे उपटून लोक नवे झाड लावत. १९७०च्या दशकात या झाडांवर एक बुरशीचा रोग आला, भुंग्यांनी तो झाडोझाडी पोहोचवला, आणि अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. पुढे २००४ साली शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा आढळले की इंग्लिश एल्म म्हणून ओळखली जाणारी ती सारी झाडे म्हणजे मुळात एकच झाड, रोमन लोकांनी द्राक्षवेली चढवण्यासाठी वापरलेले. एकाला जे मारते ते सगळ्यांना मारते. बियांच्या शंभर रोपांत काही अशक्त निघतात हे खरे, पण काही अशीही निघतात की जी उद्याच्या रोगाला पुरून उरतील. ती कोणती हे आज आपल्याला दिसत नाही, म्हणून पुष्कळ लावायची.

तेव्हा माझे मत सरळ आहे. ज्या झाडाशी घराचे नाते आहे त्याची एक-दोन कलमे करावीत, आठवण म्हणून, रंगासाठी. रस्त्याच्या कडेची रांग, शाळेचे आवार, स्मशानाचा रस्ता, गावची पाणंद, अशा ठिकाणी बियांचीच रोपे लावावीत, आणि बियाही एका झाडाच्या नकोत, चार-पाच झाडांच्या हव्यात.

बियांची वाट

फुले गेली की ताम्हणावर सुपारीएवढी हिरवी बोंडे धरतात. पावसाळाभर ती तशीच असतात. थंडीत हळूहळू तपकिरी होतात आणि साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत कडक लाकडासारखी होऊन पाच-सहा पाकळ्यांनी उकलतात. उकललेली रिकामी बोंडे वर्ष-वर्ष झाडावर राहतात, त्यामुळे नवख्याला झाड बियांनी लगडलेले वाटते आणि हाती येतात नुसती टरफले. हवीत ती यंदाची बोंडे, रंग बदललेली पण तोंड न उघडलेली. ती सुपात किंवा वर्तमानपत्रावर पसरून उन्हात ठेवायची, वर जुन्या साडीचा पदर टाकायचा. हा पदर विसरायचा नाही, कारण प्रत्येक बीला कागदासारखा पातळ पंख असतो आणि दुपारच्या एका झुळकीत सगळे बियाणे शेजारच्या गच्चीवर जाते. बी इतके हलके असते की एका किलोत लाखाहून अधिक भरते.

यातल्या बऱ्याच बिया पोकळ निघतात. पंखाच्या बुडाशी जो फुगीर भाग असतो तो नखाने दाबून पाहावा; भरीव लागला तर बी चांगले. हे काम मुलांना द्यावे. सुट्टीच्या दुपारी नातवंडे आणि आजोबा मिळून वाटीभर बी निवडतात, भांडण न होता. निवडलेले बी फार दिवस ठेवू नये, त्याच मोसमात पेरावे.

पेरायला खोल कुंडी नको. फळांचा उथळ खोका, तळाला भोके पाडलेला, चालतो. त्यात चाळलेली वाळू आणि पानांचे कुजलेले खत निम्मे-निम्मे. बी वर शिंपडायचे आणि वाळूचा इतका पातळ थर द्यायचा की पंख जेमतेम झाकतील. ताम्हणाच्या बीला उजेड लागतो, हरभऱ्यासारखे बोटभर खोल पुरले तर ते वर येत नाही. पाणी झारीने घालायचे नाही, त्याने बी वाहून एका कोपऱ्यात जमते. पाण्याच्या घमेल्यात खोका तळाने बुडवून ठेवावा, ओल आपोआप वर चढते. खोका सावलीच्या उजेडात असावा.

दोन-तीन आठवड्यांत पहिले कोंब दिसतात, आणि मग महिना-दीड महिना मागाहून येणारे येत राहतात. पहिल्या दहा-बारांवर समाधान मानून खोका ओतून टाकणारी माणसे आहेत. तसे करू नये. या दिवसांत मोठा शत्रू म्हणजे जादा पाणी. सकाळी तरतरीत दिसणारी रोपे संध्याकाळी बुडाशी काळी पडून आडवी होतात; माळी याला रोपे कोलमडणे म्हणतात. एकदा ते सुरू झाले की खोक्यातून पसरत जाते. दाट उगवली असतील तर विरळ करावीत आणि वरची माती दोन पाण्यांच्या मधे सुकू द्यावी.

चार पाने झाली की एकेक रोप पिशवीत हलवायचे. उचलताना देठाला हात लावायचा नाही, पानाला धरायचे. पान तुटले तर नवे येते, देठ चेपला तर रोप गेले.

फांदीची वाट

ताम्हणाची फांदी पांगाऱ्यासारखी नसते. पांगाऱ्याचा किंवा शेवग्याचा खुंट पावसाच्या तोंडाला जमिनीत ठोकला की झाड झाले. ताम्हण तसे उदार नाही. बागेत लावतात ती त्याची छोटी बहीण, सावनी, छाट कलमाने सहज येते. थोरल्याचे मात्र नखरे आहेत.

छाट घ्यायचा तो हिवाळ्याच्या अखेरीस, पाने गळलेली असताना आणि नवे डोळे फुगायच्या आत. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार पेरांची काडी. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. खालचे टोक मुळे फुटण्याच्या पावडरीत बुडवून, जादा झटकून, ओलसर वाळूत निम्मे खोचायचे. वरून पारदर्शक पिशवीची टोपी. पालवी फुटली म्हणजे कलम लागले असे समजून लगेच उपटून पाहू नये. काडीत साठलेल्या शिदोरीवर पालवी आधी येते, मुळे मागाहून. कित्येक काड्या पालवी फुटूनही मुळांवाचून मरतात.

आणि इथे जुन्या झाडाची खरी अडचण येते. साठ वर्षांच्या झाडाच्या शेंड्यावरची फांदी म्हातारी असते. तिला फुलायचे ठाऊक, मुळे धरायचे ती विसरलेली. मुंबईच्या एका उपनगरातल्या सोसायटीत, जिथे ताम्हण तोडायची परवानगी निघाली होती, तिथल्या आजींनी मे महिन्यात फुलांनी लवलेली फांदी काढून कुंडीत लावायचा घाट घातला. माळीमामा मूळचे राजापूरकडचे. ते म्हणाले, "आजी, फुलावर आलेल्या फांदीला मुळं कशाला सुचतील? तिचं सगळं ध्यान फुलात." मग त्यांनी जे केले ते पाठ्यपुस्तकात शोभावे असे होते. पालिकेची परवानगी काढून त्यांनी पावसाच्या तोंडाला खालची एक जाड फांदी हातभर ठेवून छाटली. त्या खुंटावर दोन महिन्यांत सरळसोट, लांब पानांचे, जोमदार फुटवे आले. अशी नवी फूट वयाने झाडाएवढी असली तरी वागते पोरासारखी. तिच्या काड्यांना मुळे पुष्कळ सहज येतात. त्यांनी पुढच्या फेब्रुवारीत त्यातल्याच काड्या कापल्या. तीस लावल्या, अकरा लागल्या. शेंड्यावरच्या काड्यांपैकी एकही लागली नव्हती.

झाड आधीच तुटले असेल तरीही सगळे संपलेले नसते. ताम्हणाचा बुंधा जमिनीत राहू दिला तर त्यातून फुटवे येतात आणि त्यांच्या काड्या सर्वांत चांगल्या. ठेकेदाराला बुंधा उकरायची घाई असते; त्याच्याकडून एक पावसाळा मागून घेता आला तर पाहावा.

ज्यांना काड्यांचा भरवसा वाटत नाही त्यांनी गुटी बांधावी. जून-जुलैत, अंगठ्याएवढ्या फांदीची बोटभर रुंदीची साल गोलाकार काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडून टाकायचा, भिजवून पिळलेल्या शेवाळाचा गोळा त्याभोवती लपेटून वर प्लास्टिक घट्ट बांधायचे. दोन-अडीच महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. मुळांचा रंग तपकिरीकडे वळला की गुटीच्या खालून कापून कुंडीत लावावे आणि महिनाभर सावलीत ठेवावे. डाळिंबवाल्यांना ही विद्या चांगली अवगत असते, आणि ताम्हण शेवटी डाळिंबाच्याच घराण्यातले.

पिशवीतली गुंडाळी

बियांच्या रोपाला सोटमूळ असते, कलमाला नसते, म्हणून बियांचे झाड वादळात टिकते असे आपण म्हणतो. म्हणणे बरोबर आहे, पण अर्धे. बीतून निघालेले सोटमूळ काही आठवड्यांत लहान पिशवीच्या तळाला पोहोचते, तिथून वळते आणि गोल गोल फिरू लागते. रोप दोन वर्षे त्याच पिशवीत राहिले तर मुळांची दोरीसारखी गुंडाळी होते. ती तशीच खड्ड्यात गेली की सुटत नाही. खोड जाड होते, मुळांचा फास आवळत जातो, आणि पंधरा-वीस वर्षांनी एका जूनच्या वाऱ्यात उभे झाड मोटारीवर आडवे होते. लोक झाडाला दोष देतात, फांद्या छाटायची मागणी करतात. त्या झाडाचा कपाळमोक्ष रोपवाटिकेतच ठरलेला असतो. वेळच्या वेळी जमिनीत गेलेले कलम अशा बियांच्या रोपापेक्षा केव्हाही बरे.

म्हणून रोप घरचे असो की विकतचे, पिशवी दर सहा-आठ महिन्यांनी मोठी करावी. लावताना पिशवी फाडून हुंडीचा तळ बघावा; मुळे गोल फिरलेली दिसली तर धारदार सुरीने तळ कापून टाकावा आणि बाजूला दोन-तीन उभे चरे द्यावेत. जीव कासावीस होतो, पण करावे. सहा-आठ फुटांचे रोप हवे म्हणून लहान पिशवीत उंच वाढलेले, काठीसारखे रोप घेऊ नये. बुंधा जाड आणि पिशवी मोठी असलेले पाच फुटी रोप त्याला दोन पावसाळ्यांत मागे टाकते.

जागा निवडताना ताम्हणाचे माहेर आठवावे. ओढ्याकाठचे झाड ते, त्याला ओल हवी. कोकणात आणि मुंबईत फारसे लाड लागत नाहीत. देशावर, मराठवाड्यात लावायचे तर पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्याला भरपूर पाणी आणि आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन हवेच. छाटणीही विचाराने करावी. फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात, त्यामुळे छाटायचेच तर थंडीत, पालवीच्या आधी. मार्चनंतर विजेच्या तारांसाठी म्हणून जे सरसकट शेंडे उडवतात, ते त्या वर्षीचा बहरच उडवतात.

आणखी एक गोष्ट, कारण यात फार रोपे फुकट जातात. जूनमध्ये लावलेले रोप दिवाळीपर्यंत छान वाढते, मग पाने तांबडी होतात आणि डिसेंबर-जानेवारीत एकेक करून सगळी गळतात. उरते ती वाळकी दिसणारी काठी. झाडणारी बाई ती उपटून कचऱ्यात टाकते, किंवा सोसायटीचे चिटणीस त्या जागी क्रोटनची कुंडी आणून ठेवतात. तसे होण्याआधी सालीवर नखाने हलकेच ओरखडा काढून पाहावा. आत हिरवे दिसले तर पाणी थोडे कमी करून, काठीला एक चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे कुणी हात लावत नाही. होळीच्या आसपास पेरापेरातून तांबूस डोळे फुटतात.